नागपूर करारावरच्या दोन सह्या

नागपूर करार म्हटला की आपल्याला हिवाळी अधिवेशन आठवतं. मुंबईचं सरकार बाडबिस्तरा घेऊन नागपूरला जातं, मोर्चे झेलतं आणि परत येतं. मला मात्र २८ सप्टेंबर १९५३च्या त्या कागदातल्या दुसऱ्याच एका कलमाने कैक वर्षं झपाटलंय. विकास आणि प्रशासन यांसाठी राज्याचे तीन घटक धरले जातील, असं ते कलम म्हणतं: महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य.

खालच्या सह्यांमध्ये यशवंतराव चव्हाण आहेत, रा. कृ. पाटील आहेत, त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझी नजर अडते ती दुसऱ्या दोन नावांवर. एक भाऊसाहेब हिरे, मालेगावचे. दुसरे देवकीनंदन नारायण, जळगावचे, राज्यसभेतही बसलेले. आज जळगावातही त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. गिरणा नदीच्या वरच्या अंगाचा एक माणूस, खालच्या अंगाचा दुसरा. दोघांनी सही केली, आणि मधला पाचोरा-भडगावचा सगळा पट्टा ‘उर्वरित’मध्ये जाऊन बसला. त्यांना दोष देण्यात हशील नाही. मराठी राज्य पदरात पाडायचं तर विदर्भ-मराठवाड्याला शब्द देणं भाग होतं. खानदेश रुसून कुठे जाणार होता?

१९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आणलं, त्यातही हीच त्रिभागणी. पुढची पंचवीसेक वर्षं सोडून देऊ, कारण त्या कलमाचं कुणी काही केलं नाही. १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती बसली आणि पहिल्यांदा कुणीतरी मोजपट्टी काढली. रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा एकेका बाबतीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं, आणि ती तूट भरायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष. १९८४च्या अहवालात एकूण आकडा निघाला सुमारे ३१८७ कोटी रुपये. विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस. आणि ज्याला आपण पुढारलेला महाराष्ट्र समजतो, त्या उर्वरित भागाचा ३७ टक्क्यांहून थोडा अधिक! सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, पण अनुशेष हा शब्द तेव्हापासून प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी बसला.

तूट जिल्ह्यागणिक मोजली गेली. भांडण मात्र तीन प्रदेशांचंच राहिलं. ९ मार्च १९९४च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने वैधानिक विकास मंडळं आली. आमच्या वाट्याला ‘उर्वरित’चं मंडळ आलं. एकाच मंडळात मुंबई, पुणे, कोकण आणि सातपुड्यातलं धडगाव.

जिल्ह्याची सरासरीही कशी फसवते, ते पाहायला फार लांब जायला नको. १ जुलै १९९८पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. अक्कलकुवा, धडगाव आणि शिरपूर यांची एकच बेरीज व्हायची. जिल्हा वेगळा झाला आणि राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात नंदुरबार थेट तळाला दिसला. माणसं तीच, डोंगर तेच. फक्त रेघ सरकली.

युरोपातही हाच खेळ चालतो, म्हणून मला तिथल्या समन्यायी विकासाच्या धोरणाचं कुतूहल. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न युरोपीय संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या आत, त्याला सर्वांत जास्त मदत. पोलंडमध्ये वॉर्सामुळे भोवतालचा ग्रामीण प्रांतही कागदावर श्रीमंत ठरू लागला, तेव्हा २०१८पासून आकडेवारीसाठी राजधानीचा परिसर वेगळा आणि उरलेला प्रांत वेगळा केला. फरक एवढाच की तिथे १९८८पासून भागीदारीचं तत्त्व आहे, २०१४पासून त्याची आचारसंहिताही. कामगार संघटना, मालक, पर्यावरणवाले यांना निधीच्या देखरेख समितीत जागा द्यावी लागते. आराखडा शिजल्यावर आम्हाला फक्त वाढायला बोलावतात, अशी या संस्थांची तक्रार असते, आणि ती रास्त आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय आयोगाने २०२८नंतर हा निधी शेतीच्या निधीशी जोडून देशागणिक एकेका आराखड्यात घालायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा प्रादेशिक संस्था खवळल्या. मोठ्या खोक्यात टाकलं की लहानाचं नाव पुसलं जातं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडे तक्रार करायलाही समितीतली जागा नाही, म्हणून लोक एकेका कामासाठी वेगळे लढतात. अमळनेरला पाडळसे धरणासाठी आंदोलन, गिरणाकाठी सात बलून बंधाऱ्यांसाठी अर्जविनंत्या. त्या सातांतले परधाडे आणि कुरंगी पाचोरा तालुक्यातले. आणि पाचोऱ्यात पीजे. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची ५६ किलोमीटरची गाडी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापसासाठी घातलेली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाजाराच्या पाट्या घेऊन ती रमतगमत जायची. २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. ती वाचावी म्हणून कृती समितीने निवेदनं दिली, आंदोलनं केली. मग रुंदीकरण आणि बोदवडपर्यंत विस्तार मंजूर झाला. पण पीजे बंद असतानाच्या वर्षांत शेंदुर्णीच्या पोरीला कॉलेजसाठी एसटीच्या भाड्यात किती भुर्दंड पडला, हे कुठल्याच अनुशेषाच्या तक्त्यात येत नाही. तसा रकानाच नाही.

३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. तेही पुन्हा तीनच. उत्तर महाराष्ट्राला चौथं मंडळ हवं, अशी मागणी अधूनमधून उठते. मला ती पटत नाही. त्यात नाशिक येणार. नाशिकचे कारखाने आणि द्राक्षबागा धडगावच्या आकड्यावर पुन्हा पांघरूण घालणार. त्यापेक्षा तालुकावार तक्ते छापा आणि पाचोऱ्याचा तक्ता पाचोऱ्याच्या तहसील कचेरीबाहेर चिकटवा. मंडळ कुठे बसवायचं, ते मग ठरवू.