साबणाच्या जाहिरातीतल्या लीलाबाई

मुलांनो, आमच्या पोहरादेवीची रामनवमीची यात्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे, म्हणून देशभरातले बंजारा बांधव या दिवसांत इथं येतात. रस्ते माणसांनी फुलून जातात. आरशांचे, कवड्यांचे, रंगीत धाग्यांचे पोशाख घातलेल्या आज्या आणि त्यांचं बोट धरून फुग्यासाठी हट्ट करणारी नातवंडं! यात्रा उठली की गाव एकदम रिकामं वाटतं. आणि आम्हा शिक्षकांचा ताप सुरू होतो, कारण वर्गातली निम्मी मुलं मनानं अजून यात्रेतच असतात.

अशाच एका दिवशी मी सातवीच्या वर्गाला निबंध दिला, 'मी कोण होणार?' एकेकाला उभं करून आधी तोंडी विचारलं. कुणी फौजी, कुणी डॉक्टर, दोघंजण जेसीबीचे ड्रायव्हर. मग तांड्यावरून येणारी एक मुलगी उठली. एरवी फारसं न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, मले मॉडेल व्हायचं हाय."

सगळा वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगू? मलाही हसू आलं.

ती खाली बसली. दुपारी खिचडीची घंटा झाली तरी जागची उठली नाही. तिची वही मी तपासायला घेतली, तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रातून कापलेली साबणाची जाहिरात खळीनं नीट चिकटवलेली होती. कडा अगदी सरळ कापलेल्या. भूमितीच्या वहीतसुद्धा इतक्या सरळ रेघा तिनं कधी काढल्या नव्हत्या!

रात्री मला काही झोप लागेना. जी शिक्षिका 'मोठी स्वप्नं बघा' असं फळ्यावर लिहिते, तीच हसली म्हणजे काय? म्हणून दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक बाजूला ठेवून मी वर्गाला एक गोष्ट सांगितली. अगदी खरी गोष्ट, साबणाच्या जाहिरातीतल्या एका बाईंची. तीच आज तुम्हाला सांगते.

त्यांचं नाव लीला चिटणीस. माहेरच्या नगरकर. जन्म ९ सप्टेंबर १९०९, धारवाडचा. धारवाड आज कर्नाटकात आहे, पण तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. लीलाबाईंचे वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. घरात ब्राह्मो समाजाचे विचार, म्हणजे जातपात न मानणारं घर. मुलीनं शिकावं असं वाटणारं घर त्या काळात दहा गावं फिरून एखादं सापडायचं, ते लीलाबाईंना जन्मतःच मिळालं. त्या पदवीधर झाल्या. तरी लग्न मात्र पंधरा-सोळाव्या वर्षीच झालं! पती डॉ. गजानन चिटणीस. दोघांनाही देशाच्या स्वातंत्र्याची तळमळ होती. मानवेंद्रनाथ रॉय नावाचे एक मोठे क्रांतिकारक होते, इंग्रज पोलीस त्यांच्या मागावर असायचे. त्यांना या जोडप्यानं आपल्या घरात आसरा दिला होता. पकडले गेले असते तर दोघंही तुरुंगात!

पुढे मात्र लीलाबाई पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरात चार मुलं. आता पोटापाण्याचं काय? मग त्यांनी काय केलं असेल, सांगा बरं?

त्या शाळेत शिक्षिका झाल्या.

वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळ्या माना एकदम वर झाल्या. "म्हंजे तुमच्यासारख्या, मॅडम?" हो, माझ्यासारख्या! खडू, फळा, हजेरी आणि महिनाअखेरीचा हिशेब. पण एका पगारात चार मुलांची शाळा, कपडे, औषधं कशी बसवायची? म्हणून शिकवता शिकवता त्या मराठी नाटकांतूनही कामं करू लागल्या. 'नाट्यमन्वंतर' नावाच्या नव्या विचारांच्या नाट्यसंस्थेशी त्यांचा संबंध आला आणि तिथून चित्रपटांची वाट सापडली.

इथं जरा थांबायला हवं, नाहीतर त्यात एवढं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी ते काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं! त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पुढे आल्या आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दिसल्या. पण लोकांची मनं काही एका वर्षात बदलत नाहीत. पुढची वीसेक वर्षं 'चांगल्या घरच्या' बाईनं पडद्यावर जाणं म्हणजे घराचं नाव घालवणं, असंच समजलं जाई. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे आल्या, तेव्हाही किती कुजबुज झाली! अशा दिवसांत चार मुलांची आई असलेली एक शिक्षिका कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

सुरुवातीला 'धुवाँधार' आला. मग १९३६ साली 'छाया'. त्याची कथा वि. स. खांडेकरांची आणि दिग्दर्शक मास्टर विनायक. १९३७ साली 'जंटलमन डाकू' आला आणि त्यात लीलाबाई चक्क पुरुषी वेशात! गंमत म्हणजे या चित्रपटाच्या वेळी त्यांची जाहिरात कशी केली होती ठाऊक आहे? पडद्यावर आलेली महाराष्ट्रातली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घराण्यातली स्त्री, अशी! ज्या पदवीमुळे लोक म्हणत असतील, 'शिकून हेच करायचं होतं का?', तीच पदवी जाहिरातीत मिरवली गेली.

खरं यश आलं ते १९३९ साली. मालाडला बॉम्बे टॉकीज नावाची मोठी चित्रपटसंस्था होती. तिच्या 'कंगन'मध्ये लीलाबाई नायिका झाल्या आणि अशोक कुमार नायक. या चित्रपटाचे दिग्दर्शक होते फ्रान्झ ऑस्टेन, म्युनिकहून आलेले जर्मन गृहस्थ. चित्रण चालू असतानाच दुसरं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारनं आपल्या मुलखातल्या जर्मनांना धरून बंदिस्त केलं. ऑस्टेनसाहेबांनाही नेलं! कुठं युरोपातलं युद्ध आणि कुठं मालाडचा स्टुडिओ! पण राहिलेलं काम इतरांनी निभावलं आणि 'कंगन' तुफान चालला. पाठोपाठ १९४० साली 'बंधन', १९४१ साली 'झूला'. तिन्हींत हीच जोडी. डोळ्यांनी कसं बोलायचं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोक कुमार यांनी पुढे मोकळ्या मनानं सांगितलं. एवढ्या मोठ्या नटानं असं म्हणावं, ही काही लहान गोष्ट नाही.

आणि याच १९४१ साली त्या साबणाच्या जाहिरातीत आल्या.

साबण होता लक्स. त्याच्या जाहिरातीत तोवर हॉलिवूडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नट्यांचे चेहरे असायचे. तिथं पहिल्यांदा एक भारतीय अभिनेत्री दिसली, ती आपली धारवाडची लीला चिटणीस. देश अजून पारतंत्र्यात होता, हे लक्षात घ्या. पुढच्या काळात कितीतरी मोठमोठ्या नट्या या साबणाच्या जाहिरातीत आल्या. आज टीव्हीवर दिसतात त्यांची ओळ मागं मागं नेली, तर ती या बाईंपाशी जाऊन थांबते.

इथं वर्गातल्या एकानं विचारलं, "मॅडम, त्या साबणानं त्या गोऱ्या झाल्या का?" छान प्रश्न! अरे, साबण मळ काढतो, बाकी काही नाही. कंपनीनं त्यांना घेतलं ते त्यांचे तीन-तीन चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले होते म्हणून. आणि जाहिरातीतला चेहरा तर एका क्षणाचा असतो. दिवे कुठं लावायचे, सावली कुठं पाडायची, हे ठरवायला माणसं असतात. फोटो काढल्यावरसुद्धा त्यावर सफाई करतात. पूर्वी हे काम बारीक कुंचल्यानं चाले, आता संगणकावर होतं. तो चेहरा पाहून आपण आरशासमोर खट्टू होण्यात काही अर्थ नाही, बरं का मुलींनो. (आणि मुलांनो, तुम्हीसुद्धा! भांगाला पाव तास लावणारे मला माहीत आहेत.)

मग मी फळ्यावर एक वजाबाकी घातली. १९४१ वजा १९०९. उत्तर आलं बत्तीस. म्हणजे जाहिरातीतल्या त्या 'तरुणी'ची बत्तिशी आली होती आणि घरी चार मुलं होती! त्यांचे नायक अशोक कुमारही १९११ चे, म्हणजे त्यांच्याहून धाकटेच.

पण नायिकेचे दिवस फार पुरत नाहीत. नव्या मुली आल्या आणि लीलाबाईंची मागणी कमी झाली. अशा वेळी काहीजणी घरी बसल्या, काहीजणी कडवट झाल्या. लीलाबाईंनी १९४८ साली 'शहीद'मध्ये दिलीप कुमार यांच्या आईचं काम घेतलं. त्यानंतर त्या पडद्यावर बहुतेक आईच झाल्या. 'आवारा' (१९५१) मध्ये राज कपूर यांची आई. 'गंगा जमुना' (१९६१) मध्ये पुन्हा दिलीप कुमार यांची. 'गाईड' (१९६५) मध्ये देव आनंद यांची. आता दुसरी वजाबाकी तुम्ही करा. राज कपूर यांचा जन्म १९२४ चा. 'आई' आणि 'मुलगा' यांच्या वयात अंतर किती? अवघं पंधरा वर्षांचं! दहा वर्षांपूर्वी सौंदर्याच्या जाहिरातीत झळकलेल्या बाईनं आता पांढरे केस लावायचे, खोकायचं, गरिबीचं लुगडं नेसायचं. मला तर वाटतं, जाहिरातीत उभं राहण्यापेक्षा याला जास्त धीर लागला असेल.

त्या नुसत्या नटीही नव्हत्या. १९५५ साली 'आज की बात' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाचं एक नाटक रंगभूमीसाठी रूपांतरित केलं. १९८१ साली 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. उतारवयात त्या मुलांकडं अमेरिकेला गेल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावी, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

गोष्ट संपली तेव्हा माझी तांड्यावरची मुलगी एकदाच बोलली. "मॅडम, त्यायची मुलं शिकली का?" ज्या मुलांसाठी सगळा खटाटोप, त्यांचंच तिला आधी सुचलं. तिची याडी ऊसतोडीला जाते आणि पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीजवळ ठेवते, हे मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, "म्हातारपणी आईला जवळ बोलावून घेण्याइतकी नक्कीच मोठी झाली!"

पालकहो, अशी जाहिरात चिकटवलेली वही तुमच्या घरात सापडली, तर लगेच फाडू नका हं. आधी लेकीला विचारा, त्यातलं तिला काय आवडलं. मी विचारायच्या आधी हसून बसले होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातल्या टीव्हीला मोबाइल जोडून आम्ही 'कंगन'चा थोडा भाग पाहिला. चित्र पांढरं-काळं, आवाज खरखरीत. मुलं पाच मिनिटांत चुळबुळायला लागली, आणि त्यात नवल ते काय? अशोक कुमार काय म्हणाले होते, ते मी वर्गाला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. ती मात्र पुढं सरकून मांडी घालून बसली होती. पडद्यावर लीलाबाईंचा चेहरा जवळून दिसला, संवाद काहीच नव्हता. तशी ती शेजारणीला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली,

"पाय ना, तोंड बंद हाय, तरी बोलून राह्यली."