पेल्याच्या आधी येणारा विचार

‘आमच्या घरात दारूचा प्रश्नच येत नाही,’ असे आपण सहज म्हणतो. दारू हराम आहे हे आपल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. तरीही शिकायला पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर गेलेल्या एखाद्या मुलाचे पाऊल घसरते. ते का, यावर आपण घरात क्वचितच बोलतो.

पुष्कळदा सुरुवात पेल्यापासून होत नाही, विचारापासून होते. एक पेपर राहिला की मुलगा मनाशी म्हणतो, ‘मी कशाच्याच लायकीचा नाही.’ मित्राने फोन उचलला नाही की, ‘मी कुणालाच नको आहे.’ एका घटनेवरून साऱ्या आयुष्याचा निकाल लावण्याची ही सवय अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांत टिपली. असे विचार तपासून बदलता येतात, हे त्यांच्या उपचारपद्धतीचे सूत्र आहे.

दारू हा विचार घटकाभर बधिर करते. पण ती झोप मोडते, मन आणखी खचवते. सकाळी तोच विचार परत येतो, सोबत अपराधीपणा घेऊन. ‘गुनाह झालाच आहे, आता काय उरले?’ असे म्हणत हात पुन्हा पेल्याकडे जातो.

घरी कळल्यावर आपण काय म्हणतो? ‘खानदानाची इज्जत घालवलीस, तू वाया गेलास!’ म्हणजे त्याच्या मनातलेच वाक्य आपण पक्के करतो. सूरह माइदामध्ये दारूपासून दूर राहण्याचा हुकूम आहे. सूरह जुमरमध्ये, स्वतःवर जुलूम केलेल्यांनीही अल्लाहच्या रहमतीविषयी निराश होऊ नये, अशी ताकीद आहे. पहिला हुकूम सांगताना दुसरा आपण विसरतो.

म्हणून फोनवर मार्कांच्या आधी झोपेची, जेवणाची चौकशी करू या. ‘पेपर गेला, तू गेला नाहीस,’ हे अम्मी-अब्बूंच्या तोंडून त्याला ऐकू येऊ द्या. मनात आलेला वाईट विचार कागदावर लिहून, तो खरा असल्याचा पुरावा काय, हे त्याला स्वतःला विचारायला सांगा. रोज पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दारू थांबवावी. एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.

तौबा आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत. मात्र दोन्हींसाठी परतणाऱ्या मुलाला घराचे दार उघडे दिसले पाहिजे.