इझोल्डेला दिलेला नकार

ऑपेरातली नायिका बहुतेक वेळा सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी. तिच्या खालच्या पट्टीतल्या मेझो-सोप्रानोच्या वाट्याला मैत्रीण, सवत, आई, चेटकीण, नाहीतर एखादा कोवळा पोरगा. आपल्याकडे बालगंधर्वांनी शालू नेसून रंगभूमी गाजवली, तर मोझार्ट आणि रिचर्ड स्ट्राउस यांनी बायकांना पुरुषवेषात उभं केलं. अशा या बाजूच्या जागेवरून क्रिस्टा लुडविग जवळजवळ पन्नास वर्षं गायली. इतकी वर्षं गळा कसा टिकतो, हे कुतूहल मला त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी लावलं, आणि ते अजून सुटलेलं नाही.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १९२८, बर्लिन. वडील टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक, पुढे नाट्यगृहाचे व्यवस्थापक. आई आखेनच्या ऑपेरात गायची, आणि तीच लेकीची गुरू. १९४६ मध्ये, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रँकफुर्टमध्ये, ‘डी फ्लेडरमाउस’मधल्या प्रिन्स ऑर्लोफ्स्कीच्या भूमिकेत पदार्पण. मग डार्मश्टाट, हानोफर आणि १९५५ मध्ये वाद्यवृंद-संचालक कार्ल ब्योम यांच्यामुळे व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा. १९५९ मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन. दोन लग्नं, एक मुलगा.

आता मुद्द्याचं. लुडविगबाईंचा आवाज मेझोचा, पण वरचे सूर असे खणखणीत की नायिकेच्या भूमिकाही खुणावायच्या. बेथोव्हनच्या ‘फिडेलिओ’तली लिओनोरे त्यांनी गायली. ‘फ्राऊ ओने शाटन’मधली रंगाऱ्याची बायकोही गायली. मग व्हागनरच्या ऑपेरातली इझोल्डे का नको? ब्योम, कारायान आणि बर्नस्टाइन, तिन्ही संचालकांना त्यांच्याकडून ती हवी होती. एकेका शब्दावर कुणाचंही नशीब उजळावं अशी ही माणसं! बाईंनी शेवटच्या प्रवेशाचं गाणं संचालक क्लेम्परर यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केलं. अख्खी भूमिका मात्र रंगमंचावर कधीच केली नाही. तासन्‌तास, मायक्रोफोनशिवाय, भल्यामोठ्या वाद्यवृंदाच्या वर आवाज काढायचा म्हणजे गळ्याची किती झीज होते! माझ्या मते त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचं मर्म या एका नकारात आहे.

तरी गळ्यानं दगा दिलाच. सत्तरच्या दशकात, पाळी जाण्याच्या सुमारास, स्वरतंतूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ कार्यक्रम सोडावे लागले. त्या काळात गायिका अशा गोष्टी चारचौघांत काढत नसत. लुडविगबाई मोकळेपणानं बोलल्या. भूमिका बदलणं मात्र त्यांना नवं नव्हतं. ‘रोझेनकाव्हालिअर’ या एकाच ऑपेरात त्या दोन्ही टोकांना गायल्या आहेत. १९५६ च्या कारायान यांच्या ध्वनिमुद्रणात त्या ऑक्टाव्हियन, म्हणजे थोर घरच्या, वयानं मोठ्या बाईवर भाळलेला सतरा वर्षांचा मुलगा. पुढे बर्नस्टाइन यांच्याबरोबर त्याच बाईच्या, मार्शालिनच्या भूमिकेत. सोडून जाणारा आणि मागे राहणारी, दोघांचीही बाजू एकाच गळ्यातून ऐकायची असेल तर ही दोन मुद्रणं लागोपाठ ऐकावीत.

पण माझा जीव अडकला आहे तो संगीतकार माहलरच्या ‘दास लीड फोन देअर एर्ड’मध्ये. जुन्या चिनी कवितांच्या जर्मन रूपांतरांवर बेतलेली सहा गाणी, टेनर आणि मेझो यांनी आळीपाळीनं गायची. शेवटचं निरोपाचं गाणं एकटंच जवळजवळ अर्ध्या तासाचं. क्लेम्परर यांचं मुद्रण १९६४ मध्ये लंडनला सुरू झालं. मध्येच फिलहार्मोनिया वाद्यवृंद बंद करत असल्याचं त्याच्या संस्थापकानं जाहीर केलं. वादकांनी स्वतःच नवा फिलहार्मोनिया उभा केला आणि काम १९६६ मध्ये पुरं झालं. टेनर होते फ्रिट्झ वुंडरलिश. दोघांचं मुद्रण वेगवेगळ्या दिवशी झालं. तबकडी बाजारात येण्याआधीच वुंडरलिश जिन्यावरून पडून गेले, ऐन पस्तिशीत. शेवटच्या गाण्यात बासरी एकटी भटकत असते, खाली वाद्यांचा नुसता एक धरलेला सूर, आणि त्यावर बाई जवळजवळ कंपाशिवाय, सरळ आवाजात गातात. भावना ओतायची नाही, सूर धरून थांबायचं. आपल्या विलंबित ख्यालाचा कान असलेल्याला हे थांबणं लगेच उमजेल. माझ्या लेखी विसाव्या शतकातल्या गायनाचं हे शिखर आहे, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

माहलरच्याच दुसऱ्या सिंफनीचं १९७५ चं व्हिएन्नातलं मुद्रणही गाजलं. त्यात लुडविगबाई आहेत आणि संचालन आहे आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं.

व्हिएन्नाला गेलो तेव्हा स्टेट ऑपेराच्या उभ्या जागांचं स्वस्त तिकीट काढलं. तिथले रसिक कठड्याला गळपट्टा बांधतात. बांधला की जागा तुमची, खुशाल कॉफी पिऊन या. कुणी गाठ सोडत नाही. शेजारच्या आजोबांपाशी मी लुडविग हे नाव काढलं मात्र, मध्यंतर कसं सरलं ते कळलं नाही. याच घरात त्या साडेसातशेहून जास्त प्रयोग गायल्या, आणि डिसेंबर १९९४ मध्ये ‘एलेक्ट्रा’तल्या क्लितेम्नेस्ट्राच्या भूमिकेत त्यांनी इथेच रंगमंच सोडला. २०२१ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

नव्या श्रोत्यानं मात्र निरोपाच्या गाण्यापासून सुरुवात करू नये. आधी १९८९ चा लंडनमधला बर्नस्टाइनचा ‘कँडिड’ लावावा. चमूतल्या कित्येकांना फ्लू झाला होता, खुद्द संचालक बर्नस्टाइन यांचीही प्रकृती धड नव्हती. एकसष्ट वर्षांच्या लुडविगबाई त्यात म्हातारीचा टँगो गातात, नाटकी, खट्याळ, ठसक्यात. तो ऐकून झाला की ‘नॉर्मा’ ही ऑपेरा काढा, १९६० ची, मारिया कॅलासबरोबरची. दोघींच्या युगुलगीतात कॅलासच्या धारदार सुरांखाली जो भरदार, उबदार आवाज चालतो, तो बाईंचा.