गोव्याच्या सीमेवरची गोळी आणि आफ्रिकेतील स्वातंत्र्यलढे

आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयाला ज्यांचे नाव दिलेले आहे, ते हुतात्मा बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापडाची मालमोटार अडवताना ते तिच्याखाली चिरडले गेले, आणि त्यांच्या मृत्यूची वार्ता वृत्तपत्रांतून, सभांतून व हरताळांतून देशभर पोचली. सत्याग्रह या लढ्याच्या पद्धतीची सारी मदार अशा पोचण्यावर असते. राज्यकर्ता परका असला तरी त्याच्या देशात संसद आहे, विरोधी पक्ष आहे, वृत्तपत्रे आहेत आणि आपल्या नावाने काय चालले आहे याची थोडीफार लाज बाळगणारा मतदार आहे, हे तिचे न बोललेले गृहीतक होय. पाव शतकानंतर पुण्यातून निघालेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्याच्या सीमेवर पोचल्या तेव्हा त्यांच्यासमोर जी राजवट उभी होती, तिच्याकडे यांतले काहीच खऱ्या अर्थाने नव्हते.

पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ रोजी लष्कराने बंड करून प्रजासत्ताक उलथवले. या लष्करी हुकूमशाहीने १९२८ मध्ये अर्थमंत्री म्हणून आणलेले प्राध्यापक आंतोनियु सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाले आणि पुढील वर्षी नवी राज्यघटना लागू करून त्यांनी ‘एस्तादो नोव्हो’, म्हणजे ‘नवे राज्य’ या नावाची एकपक्षीय व्यवस्था स्थिर केली. सत्तेच्या पुढ्यात मुलकी पोशाखातला मनुष्य होता, पण तिचे खांब सेन्सॉर, सैन्य आणि १९४५ पासून ‘पिडे’ या नावाने वावरणारे गुप्त पोलीस हे होते. वसाहतींत तर मुलकीपणाचा हा मुलामाही पातळ होता. १९५० च्या दशकात गोव्याचे गव्हर्नर जनरल लष्करी अधिकारीच असत, सभा आणि संघटना यांना बंदी होती, आणि राजकीय आरोपींचा निवाडा लष्करी न्यायाधिकरण करीत असे. नागरिकावर सैनिकी न्यायालयात खटला चालवणे ही लष्करी राजवटीची सर्वांत स्पष्ट खूण मानली जाते, कारण तेथे आरोप ठेवणारा आणि निकाल देणारा एकाच साखळीतले असतात. राष्ट्रवादी लेखक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये अशाच न्यायाधिकरणाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात केली. त्याच वर्षी १८ जूनला डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली होती, आणि कुन्हांचा खटला हे त्या सभेनंतरच्या दडपशाहीचेच फळ होते.

पुण्यात स्थापन झालेल्या सर्वपक्षीय गोवा विमोचन सहायक समितीने १९५५ मध्ये सत्याग्रही पाठवण्यास सुरुवात केली. मे महिन्यात निघालेल्या पहिल्या तुकडीत ना. ग. गोरे होते आणि पंचाहत्तरीकडे झुकलेले सेनापती बापटही होते. गोऱ्यांना दहा वर्षांची, नंतर गेलेल्या मधू लिमये यांना बारा वर्षांची सजा झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघीय असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या प्रश्नावर एकत्र चालले, ही महाराष्ट्राच्या राजकारणात पुढे फार क्वचित दिसलेली गोष्ट. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणी सीमा ओलांडू लागले तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. भारतात संतापाचा आगडोंब उसळला, लिस्बनमध्ये मात्र या घटनेने एक मंत्रीही हलला नाही, कारण तेथील वृत्तपत्रांना सेन्सॉरला न रुचणारे काही छापण्याची मुभाच नव्हती. यानंतर नेहरूंच्या सरकारने सत्याग्रहींना सीमेवर अडवण्याचे ठरवले. त्या निर्णयावर तेव्हा कडवट टीका झाली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही ज्या राजवटीला जनमताचा कानच नाही तिच्यापुढे आणखी माणसे उभी करून काय साधणार, या प्रश्नाला टीकाकारांकडेही उत्तर नव्हते.

हाच प्रश्न चार वर्षांनी आफ्रिकेत उभा राहिला. पोर्तुगीज गिनीतील बिसाव बंदरात ३ ऑगस्ट १९५९ रोजी वेतनवाढीसाठी संपावर गेलेल्या गोदी कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; मोझांबिकच्या उत्तरेकडील मुएदा येथे १६ जून १९६० रोजी प्रशासकाकडे गाऱ्हाणे मांडण्यास जमलेल्या लोकांची तीच गत झाली. मृतांच्या आकड्यांबाबत इतिहासकारांत आजही मतभेद आहेत, परंतु निष्कर्षाबाबत तेथील नेत्यांत मतभेद उरला नाही. गिनीत अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने बिसावनंतर शहरातील निदर्शने सोडून खेड्यांतून सशस्त्र लढ्याची तयारी केली, अंगोलात १९६१ मध्ये उठाव झाला आणि मोझांबिकमध्ये ‘फ्रेलिमो’ या मुक्ती आघाडीने १९६४ मध्ये शस्त्र उचलले. मराठी वाचकाला गोव्याचा लढा भारताच्या स्वातंत्र्याचे राहिलेले शेपूट म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण १५ ऑगस्ट १९५५ हा दिवस बिसाव आणि मुएदा यांच्या रांगेत ठेवला की एकाच हुकूमशाहीने निःशस्त्र विरोधाला तीन ठिकाणी दिलेले एकच उत्तर दिसते, आणि त्या रांगेत गोवा पहिला आहे.

हे नाते केवळ अभ्यासकाने मागाहून जुळवलेले नाही. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली, तीत अंगोला, गिनी, मोझांबिक यांच्याबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही होते. त्या वर्तुळात वावरणारे आकिनु द ब्रागांसा हे जन्माने गोव्यातील बार्देशचे. पत्रकार म्हणून अल्जीरियात आणि पुढे फ्रेलिमोचे सल्लागार म्हणून मोझांबिकमध्ये ते राहिले. नैरोबीत जन्मलेले आणि गोवा व धारवाड येथे शिकलेले पिओ गामा पिंटो यांनी मुंबईत गोव्याच्या चळवळीत भाग घेतला, केनियात परतल्यावर ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्याला साथ दिली आणि १९५४ पासून खटल्याशिवाय वर्षानुवर्षे स्थानबद्धता भोगली. दुसऱ्या बाजूचाही विसर पडू नये: पोर्तुगीज आफ्रिकेच्या प्रशासनात नोकरी करणारे गोमंतकीय पुष्कळ होते, आणि गोव्यात पहारा देण्यासाठी मोझांबिकचे कृष्णवर्णीय शिपाई आणले जात. एका वसाहतीतल्या माणसाने दुसरीचा बंदोबस्त करायचा, ही साम्राज्यांची जुनी काटकसर आहे.

भारतीय सैन्याने १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त केला, तेव्हा अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम बाजूला ठेवून गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा शरण आले. या शहाणपणाची शिक्षा म्हणून त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकण्यात आले. गोवा सुटला, सर्व कैदी मात्र सुटले नाहीत. मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र गटात सामील झालेले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले होते. सव्वीस वर्षांची सजा भोगण्यासाठी त्यांना पोर्तुगालमधील काशियाश तुरुंगात ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी समिती उभारून वर्षानुवर्षे खटपट केली, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, आणि रानडे १९६९ च्या जानेवारीत बाहेर आले. राजकीय कैद्यांसाठी जगाने आवाज उठवावा ही कल्पना याच काळात आकार घेत होती: २८ मे १९६१ रोजी लंडनमध्ये वकील पीटर बेनेन्सन यांचा जो लेख छापून आला आणि ज्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था निघाली, त्यात ठळकपणे मांडलेल्या कैद्यांपैकी एक होते अंगोलाचे डॉक्टर आणि कवी आगोस्तिन्यु नेतो. तेही पोर्तुगालचेच बंदी.

आफ्रिकेतील तीन युद्धांनी पोर्तुगीज सैन्य थकले, आणि २५ एप्रिल १९७४ रोजी त्याच सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. लष्करी बंडाने सुरू झालेली हुकूमशाही लष्करी बंडानेच संपली, फरक एवढाच की या वेळी बंडखोरांनी निवडणुका घेतल्या. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्याचे विलीनीकरण मान्य केले.

मुक्त झालेल्या देशांत मात्र बंदूक सहजी बराकीत परतली नाही. गिनी-बिसावमध्ये १९८० साली सत्ता बळकावली ती मुक्तियुद्धातील सेनानी निनो व्हिएरा यांनीच, आणि त्या देशात पुढेही बंडे होत राहिली. पिओ गामा पिंटो यांना २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, स्वतंत्र केनियाचे खासदार असताना, त्यांच्या घराच्या फाटकापाशी गोळ्या घालण्यात आल्या. आकिनु द ब्रागांसा १९८२ मध्ये मापुतोतील विद्यापीठात आलेल्या पत्रबाँबमधून वाचले. त्या स्फोटात दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीच्या विरोधक रूथ फर्स्ट ठार झाल्या. चार वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९८६ रोजी, मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळले, त्यात आकिनुही होते. त्या अपघाताचे कारण अद्याप वादग्रस्त आहे.