डेटाबेस कुणी मारला?

रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला, ‘अरे, साइट उघडतच नाहीये.’ पानावर एकच ओळ होती: डेटाबेसशी जोडणी होत नाही. सर्व्हर लिनक्सचा, मेमरी जेमतेम १ जीबी. डेटाबेस पुन्हा सुरू केला, साइट उठली आणि वीस मिनिटांत परत झोपली. मग कर्नलचा लॉग उघडला. त्यात ओळ सापडली: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, आणि पुढे मायएसक्यूएलचं नाव.

डेटाबेस बिघडला नव्हता. त्याला कर्नलनंच मारलं होतं. प्रोग्रामनं मेमरी मागितली की लिनक्स सहसा लगेच हो म्हणतो. खरं ४ केबीचं पान हातात पडतं ते त्यात पहिल्यांदा काही लिहिताना. लग्नाला बोलावलेले सगळे एकाच पंगतीला बसत नाहीत, तोच हा भरवसा. सगळे एकदम येऊन बसले, की ‘ओओएम किलर’ जागा होतो. कुणी किती मेमरी अडवली आहे यावरून तो प्रोसेसना गुण देतो आणि सर्वाधिक गुणांच्या प्रोसेसला मारतो.

गोम इथेच आहे. गुण मिळतात एकेका प्रोसेसला. डेटाबेस एकटा, म्हणून मोठा दिसतो. साइटची पानं पुरवणारा, प्रीफोर्क पद्धतीनं चालणारा अपाची हा वेब सर्व्हर एका वेळच्या प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस लावतो. इथे ती सुमारे ४० एमबीची होती. अशा वीस झाल्या की ८०० एमबी गेलीच, पण सुटी प्रत्येक लहानच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

अशा वेळी ‘फ्री’ कमांडमधला मोकळ्या मेमरीचा आकडा पाहून घाबरू नये. रिकामी मेमरी लिनक्स फायलींच्या साठ्याला लावतो आणि गरज पडली की बहुतेक परत घेतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना.

आता हिशोब. डेबियनमध्ये प्रीफोर्कची मर्यादा मुळातच १५० प्रोसेसची असते. ४० एमबीनं गुणलं तर ६ जीबी! काही मेमरी या प्रोसेस आपसांत वाटून घेतात, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी भरतो, तरी १ जीबीत तो मावणं शक्यच नाही. डेटाबेसला ओओएम किलरपासून अभय देता येतं. मला तो उपाय पटत नाही, कारण मेमरी तेवढीच राहते आणि कुऱ्हाड दुसऱ्या कुणावर तरी पडते.

आम्ही मर्यादा १० वर आणली, जोडीला थोडा स्वॅप, म्हणजे मेमरीला पूरक अशी डिस्कवरची जागा, दिला. दुसऱ्या रात्री गर्दी झाली तेव्हा अकरावा वाचक क्षणभर रांगेत थांबला. डेटाबेस चालूच होता.