सागरी हवामानातील लोखंडी कुंपण : रंगाची निवड व रंगकामाची पद्धती

प्रस्तावना :
कोकण किनारपट्टीवरील शैक्षणिक संकुलांची लोखंडी कुंपणे वारंवार रंगवावी लागतात. पावसाळा सरताच रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि दोष रंगाला दिला जातो. वस्तुतः रंगाचे आयुष्य त्याच्या किमतीपेक्षा पृष्ठभागाच्या पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

गंजण्याची कारणे :
लोखंड गंजणे ही विद्युत-रासायनिक प्रक्रिया असून तीस पाणी व प्राणवायू या दोहोंची आवश्यकता असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे क्लोराइड क्षार ओलावा धरून ठेवतात व प्रक्रियेचा वेग वाढवितात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो वरील रंगाचा थर उचलून टाकतो.

रंगाची निवड :
कोरड्या हवामानात झिंक फॉस्फेट प्रायमर व त्यावर सिंथेटिक इनॅमल पुरेसे ठरते. किनाऱ्यावरील नव्या कुंपणासाठी ब्लास्टिंगने स्वच्छ केलेल्या लोखंडावर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मध्ये इपॉक्सी व वर पॉलियुरेथेन अशी त्रिस्तरीय रचना योग्य होय. यातील जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. इपॉक्सी ओलावा अडवितो. परंतु उन्हाने त्यावर खडूसारखी भुकटी धरते, म्हणून वरचा थर पॉलियुरेथेनचा असावा. जुन्या कुंपणावर ब्लास्टिंग शक्य नसल्यास हाताने साफ केलेल्या पृष्ठभागावर चालणारा इपॉक्सी मॅस्टिक निवडावा. जस्तलेपित जाळीवर इनॅमल थेट देऊ नये. जस्ताशी होणाऱ्या अभिक्रियेमुळे त्याची पकड सुटते.

रंगकामाची पद्धती :
१) प्रथम गोड्या पाण्याने क्षार व धूळ धुऊन लोखंड पूर्ण वाळू द्यावे.
२) सुटा रंग व गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने कोरडे घासणे टाळावे, मुखपट्टी वापरावी.
३) त्याच दिवशी प्रायमर द्यावा. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी व लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे.
४) कडा, वेल्डिंगचे सांधे व जमिनीलगतचा भाग यांवर ब्रशने एक जादा हात द्यावा, गंजाची सुरुवात बहुधा येथूनच होते.

निष्कर्ष :
निविदेत केवळ रंगाचा प्रकार व दर नमूद करणे पुरेसे नाही. पृष्ठभागाची स्वच्छता, थरांची संख्या व सुकलेल्या थराची मायक्रॉनमधील जाडी यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख असावा आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी व्हावी. अन्यथा संस्थेचा निधी दरवर्षी गंजावर रंग चढविण्यातच खर्च होत राहील.