करिपूरची धावपट्टी आणि कॅप्टन साठे

ऑगस्ट २०२० म्हटले की भंडारेकरांना आधी वैनगंगेचा महापूर आठवतो. महिनाअखेर नदी शहरात आणि काठच्या गावांत शिरली, आणि त्याआधीच्या बातम्या मागे पडल्या. त्यातली एक ७ ऑगस्टच्या संध्याकाळची. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान केरळात करिपूरला, म्हणजे कोझिकोडच्या विमानतळावर, धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. विमानात १९० माणसे होती, त्यांपैकी २१ गेली. कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार हे दोघेही त्यांत होते.

साठ्यांचे आईवडील नागपूरचे, म्हणून ही बातमी विदर्भात घरच्यासारखी ऐकली गेली. वडील लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी. भाऊही लष्करात होता आणि सेवेत असतानाच अपघातात गेला होता. दीपक साठे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून निघून १९८१ मध्ये हवाई दलात दाखल झाले, तेही हवाई दल अकादमीची मानाची तलवार पटकावून. लढाऊ विमाने, मग चाचणी वैमानिक, विंग कमांडर. बावीसेक वर्षे नोकरी करून ते नागरी विमान वाहतुकीत आले. एवढ्या शिदोरीवर माणसाने सहज मोठेपणा मिरवला असता. पण हे सारे जगाला कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर, आप्त आणि सहकारी बोलू लागले तेव्हा.

त्यातली एक आठवण मला फार मोलाची वाटते. त्या वेळी 'वंदे भारत' मोहिमेत परदेशी अडकलेल्यांना आणणे चालू होते. कोरोनाच्या भीतीने शेजारी शेजाऱ्याच्या दारात जात नव्हता, आणि साठे आखाताच्या फेऱ्या करत होते. अपघाताच्या आठवडाभर आधी चुलतभावाने फोनवर विचारले, की जाताना विमाने रिकामीच जात असतील ना? साठ्यांनी सांगितले, छे, भाजी, फळे, औषधे घेऊन जातो. विमान रिकामे कधीच जात नाही. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. आईला मात्र बाहेर पडू नकोस म्हणून बजावत असत. ८ ऑगस्टला तिचा वाढदिवस होता.

करिपूरचे विमानतळ टेकडीच्या माथ्यावर आहे. धावपट्टी संपली की पुढे उतार. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता. पहिल्या प्रयत्नात विमान न उतरवता साठ्यांनी ते पुन्हा वर घेतले. त्याच वेळी कॅप्टनच्या बाजूच्या काचेचे वायपर बंद पडले होते. दुसऱ्यांदा उलट दिशेने उतरताना वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी संपल्यावर. ओल्या पट्टीवर उरलेले अंतर पुरले नाही. टाक्यांतून इंधन गळत होते, पण आग लागली नाही. कोंडोट्टी परिसरातले लोक कोरोनाची पर्वा न करता पावसात धावले, जखमींना मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात नेले, रात्री रक्तदानासाठी रांगा लावल्या. वाचलेल्या अनेकांचा जीव त्या गावकऱ्यांनी राखला.

नंतर मोबाइलवर गोष्टी फिरल्या, की साठ्यांनी घिरट्या घालून इंधन संपवले, म्हणून आग लागली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशी अहवाल आला आणि त्याने या गोष्टींना पाठबळ दिले नाही. अस्थिर स्थितीत विमान खाली आणत राहणे, ठरलेल्या टप्प्याच्या पुढे उतरवणे, सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्यास सांगूनही न घेणे, हे संभाव्य कारण अहवालाने ठरवले. ही चूक होती आणि ती लपवण्यात साठ्यांचा मान नाही.

पण त्याच अहवालात पुढेही वाचावे लागते. कोझिकोडच्या तळावर कॅप्टनची वानवा होती, दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठ्यांच्याच नावावर होते, विमान दुसरीकडे वळवले असते तर ते उड्डाण कोलमडले असते. यंत्रणेतल्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे तपासनीसांनी लिहिले आहे. मंगळूरला २२ मे २०१० रोजी अशाच टेकडीवरच्या धावपट्टीवरून विमान कोसळून १५८ जण गेले होते. त्यातून धडा घ्यायला दहा वर्षे हाताशी होती. शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा, ही आपली सवय भंडाऱ्याने जवळून पाहिली आहे. ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बाळे गेली, आणि महिन्याभराने गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर.

साठ्यांवर मुंबईत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. अहवालाने तो मान उणा होत नाही. नम्र, कर्तबगार माणूसही थकव्याच्या, पावसाच्या, वेळापत्रकाच्या ओझ्याखाली चुकू शकतो, म्हणून तर नियम आणि दुसरा वैमानिक असतो.

आपल्या जुन्या जिल्ह्यात, आताच्या गोंदियात, बिरसीच्या धावपट्टीवर आज मुले-मुली विमान चालवायला शिकतात. मार्च २०२३ मध्ये तिथून उडालेले विमान बालाघाटच्या जंगलात कोसळून प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. बिरसीला शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी करिपूरचा अहवाल शेवटपर्यंत वाचावा. तो सर्वांसाठी खुला आहे.